दुसरे माणूस नसलेल्या घरातला मधुमेह : एक प्रकरण

हे प्रकरण ७४ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. त्यांना १९ वर्षांपासून टाइप २ मधुमेह होता आणि उच्च रक्तदाब त्याच्याही थोडा आधीपासून. घटनेच्या १४ महिने आधी त्यांचे पती वारले आणि तेव्हापासून त्या घरात एकट्याच राहत होत्या. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होते. आसपासचे सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. प्रकरण एका व्यक्तीचे म्हणून मांडले असले, तरी त्यातले तपशील एकट्या राहणाऱ्या वयस्क मधुमेहींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टींवरून जुळवलेले आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

बाई निष्काळजी नव्हत्या. गोळ्या चुकवणे, तपासण्या टाळणे, गोड खाऊन लपवणे यांतले काहीही त्यांच्या बाबतीत नव्हते. कागदावर तर त्या आदर्श रुग्ण होत्या. सहा महिन्यांपूर्वी ६.९ टक्के असलेले एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.२ वर आले, तेव्हा तपासणीच्या खोलीत त्यांचे कौतुक झाले, आणि कौतुक करणाऱ्यांत त्यांचा डॉक्टर म्हणून मीही होतो. ज्या औषधाने साखर नको तितकी खाली जाऊ शकते ते औषध चालू असताना, वजन उतरत चाललेल्या, एकट्या राहणाऱ्या ७४ वर्षांच्या व्यक्तीचे एचबीए१सी कोणताही प्रयत्न न करता खाली येते, तेव्हा ती चिंतेची बाब असते. ती मला त्या दिवशी दिसली नाही.

घटना

एका सकाळी नेहमीच्या वेळी बाईंचे दार उघडले नाही. समोर राहणाऱ्या शेजारणीने बेल वाजवली, फोन केला. फोनची घंटा आत वाजत असलेली बाहेर ऐकू येत होती. शेजारणीकडे घराची जादा किल्ली होती. तिने कुलूप उघडलेही, पण बाई रात्री आतून कडी लावून झोपत. कडी उचकटून आत जाईपर्यंत सुमारे ४० मिनिटे गेली. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बोलणे असंबद्ध होते. साखरेचा डबा ओट्यावर खाली काढलेला होता आणि त्याचे झाकण लावलेलेच होते.

शेजारणीला वाटले, पक्षाघात झाला. वयस्क माणसांमध्ये साखर खाली गेल्याची लक्षणे पुष्कळदा तशीच दिसतात. तरुण माणसाला आधी घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते आणि त्यामुळे तो सावध होतो. वय वाढल्यावर ही पूर्वसूचना क्षीण होते आणि चक्कर, गोंधळ, तोल जाणे, जीभ अडखळणे हीच पहिली खूण ठरते. बाईंना रक्तदाबासाठी अटेनोलॉल चालू होते. ते धडधड आणि थरथर दोन्ही झाकून टाकते. घाम तेवढा राहतो, पण अर्धवट झोपेतल्या माणसाला तो कळणे कठीण. रुग्णवाहिकेत साखर मोजली तेव्हा ती ३८ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच बाईंनी स्वतःचे नाव सांगितले आणि पहिला प्रश्न केला, “मुलाला कळवलंत का?” त्या प्रश्नामागे काय होते, ते मला नंतर समजले.

रुग्णालयात त्यांना दोन दिवस ठेवले, आणि ते योग्यच होते. सल्फोनिलयुरिया गटातल्या औषधामुळे उतरलेली साखर एकदा वर आणली तरी औषधाचा अंमल संपेपर्यंत पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते. घरी सोडताना मात्र कागदावर गोळी अर्धी करावी आणि ‘जेवण वेळेवर घ्यावे’ एवढेच लिहिलेले होते. जेवण वेळेवर का होत नव्हते, हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

घरी गेल्यावर काय दिसले

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. तपासणीच्या खोलीत १९ वर्षांत जे कळले नाही, ते त्या एका तासात कळले.

पहिली गोष्ट म्हणजे एक छोटी स्टीलची डबी. बाईंच्या बोटांचे सांधे धरलेले होते आणि सकाळी तर ती वळतच नसत. पाकिटाच्या मागचा चंदेरी कागद अंगठ्याने फोडून रोज गोळी काढणे जमेना, म्हणून त्या रविवारी दुपारी हात मोकळे असताना कात्री घेऊन बसत, आठवड्याच्या सगळ्या गोळ्या सोडवत आणि डबीत भरत. मधुमेहाच्या दोन औषधांपैकी मेटफॉर्मिनची गोळी मोठी असल्याने ओळखू येई. सल्फोनिलयुरिया गटातले ग्लिबेनक्लामाइड आणि रक्तदाबाचे अटेनोलॉल या दोन्ही गोळ्या मात्र लहान, गोल आणि पांढऱ्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा वाढत चाललेला. मी डबी तळहातावर उपडी केली आणि या दोन गोळ्या वेगळ्या करायला सांगितले. त्यांनी एकेक गोळी बोटांनी चाचपून पाहिली, दोन डाव्या हातावर ठेवल्या, तीन उजव्या, मग थांबल्या आणि म्हणाल्या, “हे सगळं हे बघायचे.” किती दिवस अटेनोलॉलच्या जागी ग्लिबेनक्लामाइडची जादा गोळी पोटात गेली असेल, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

‘हे’ म्हणजे त्यांचे पती. गोळ्या काढून वाटीत ठेवणे, साखर मोजणे, वहीत लिहिणे, तपासणीची तारीख लक्षात ठेवणे, ही सगळी कामे १८ वर्षे त्यांनी केली होती. मधुमेह बाईंना होता, पण त्याची निगा दोघांमध्ये वाटलेली होती, आणि त्यातला अर्धा भाग एका दिवसात नाहीसा झाला. पतीच्या निधनानंतर बाई तीन वेळा माझ्याकडे आल्या होत्या. रक्तदाब, वजन, साखर सगळे नोंदले गेले, पण “आता गोळ्या कोण काढून देतं?” हे मी त्यांना विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची. पूर्वी दोघे नऊच्या सुमारास पूर्ण जेवण घेत. आता बाई संध्याकाळी सातला एक पेला दूध आणि दोन बिस्किटे घेऊन आडव्या होत. “एकटीसाठी काय रांधायचं?” हे वाक्य एकट्या राहणाऱ्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकू येते की आपण मान हलवून पुढे जातो. इथे मात्र त्या वाक्यातच औषधशास्त्राचा मुद्दा होता. ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि समोर अन्न आहे की नाही हे ते पाहत नाही. संध्याकाळची पाच मिलीग्रॅमची गोळी नऊच्या पूर्ण जेवणावर बसवलेली होती. जेवण उरले नाही आणि गोळी मात्र तेवढीच राहिली. १४ महिन्यांत बाईंचे वजन ६१ किलोवरून ५५ किलोवर आले होते.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाची. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ घटक, १.३ होते, म्हणजे पाहणाऱ्याला किंचित जास्त वाटावे इतके. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येते, आणि उतारवयात स्नायू कमी झालेल्या माणसात तो आकडा फसवा असतो. वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा अंदाजे वेग, काढला तर तो ४३ आला. ग्लिबेनक्लामाइडचे यकृतात रूपांतर होऊन जे घटक तयार होतात तेही साखर उतरवणारे असतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावले की ते शरीरात साठत राहतात. याच कारणासाठी वृद्धांमध्ये हे औषध टाळावे असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बिअर्स निकष सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही साठीपुढच्यांसाठी ते योग्य नसल्याची टीप आहे. बाईंना ते पंचावन्नाव्या वर्षी सुरू झाले आणि साठी केव्हा ओलांडली गेली ते औषधाच्या चिठ्ठीला कळले नाही. जुने औषध वर्षानुवर्षे ‘चालू ठेवा’ या दोन शब्दांवर चालत राहते.

चौथी गोष्ट योगायोगाने कळली. घटनेच्या पाच दिवस आधी लघवीला जळजळ होऊ लागली म्हणून बाई जवळच्या एका दवाखान्यात गेल्या होत्या आणि तिथे त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन दिले गेले. या गटातली प्रतिजैविके मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या वृद्धांमध्ये साखर धोकादायक खाली नेऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याबाबतचा इशारा अधिक कडक केला. तिथे चालू गोळ्या विचारल्या गेल्या होत्या, पण बाईंनी “साखरेची आणि प्रेशरची” एवढेच सांगितले. सोबत आलेले माणूस असते, तर त्याने कदाचित चिठ्ठी पुढे केली असती.

वही

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवले ते साखरेच्या वहीने.

वहीच्या पहिल्या अर्ध्या भागात पतीचे तिरके, बारीक अक्षर होते. त्यानंतर एक कोरे पान सोडलेले होते आणि तिथून बाईंचे शिक्षिकेचे अक्षर सुरू होत होते : तारीख, उपाशीपोटीची साखर, पट्टीने आखलेल्या रेषा. शेवटच्या तीन आठवड्यांतले आकडे ९८, १०५, ११०, १०२ असे सुरेख होते. मी ग्लुकोमीटर मागितला आणि त्याच्या स्मृतीतले आकडे मागे मागे पाहत गेलो : ५८. ६३. १०४. ६६. ९९. ५७. वहीत यांतला एकही कमी आकडा नव्हता.

मी काही न बोलता दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितले की दर रविवारी त्या वहीच्या पानाचा फोटो मुलाला पाठवत. “खरा आकडा लिहिला असता तर तो दुसऱ्या दिवशी आला असता आणि मला घेऊन गेला असता. हे घर बंद झालं असतं, डॉक्टर.” पहाटे अस्वस्थ वाटून उठल्यावर त्या साखर मोजत, दोन चमचे साखर खात, पुन्हा झोपत आणि सकाळी वहीत एक बरा आकडा लिहीत. त्या रात्रीही त्या साखर घ्यायलाच उठल्या होत्या. पलंगापासून ओट्यापर्यंत मोजून ११ पावले होती. त्या ओट्यापर्यंत पोहोचल्या, डबा खाली काढला, आणि घट्ट झाकण त्या बोटांनी उघडता आले नाही.

रुग्ण खोटे आकडे लिहितात, अशी तक्रार आमच्या व्यवसायात नेहमी ऐकू येते. खरा आकडा सांगितल्याची किंमत काय पडेल, हे त्या तक्रारीत येत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या लेखी ७० खालचा आकडा म्हणजे ‘तुम्हाला एकटे राहता येत नाही’ या निकालाचा पुरावा असतो, आणि स्वतःविरुद्धचा पुरावा कुणी आपल्या हाताने सुवाच्य अक्षरात लिहून देत नाही. म्हणून उपचाराच्या पहिल्याच बैठकीत मी बाईंना, आणि फोनवर मुलालाही सांगितले, की कोणत्याही एका आकड्यावरून बाईंच्या राहण्याचा निर्णय होणार नाही. मुलाने ते लगेच मान्य केले नाही. चार दिवसांपूर्वी आईला गमावता गमावता वाचलेल्या मुलाकडून तशी अपेक्षा करणेही बरोबर नव्हते.

उपचाराची फेरमांडणी

मधुमेहाच्या जवळजवळ सगळ्या सूचना घरात दुसरे माणूस आहे असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. साखर घटण्याच्या पातळ्याच पाहाव्यात. ७० च्या खाली पहिली, ५४ च्या खाली दुसरी. तिसऱ्या, गंभीर पातळीला आकडाच नाही. ज्या अवस्थेत रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येत नाही ती तिसरी पातळी, अशी तिची व्याख्या आहे. त्यावर घरी द्यायचे औषध म्हणजे ग्लुकागॉन, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला ते स्वतः टोचून घेता येत नाही. ज्या घरात हा ‘दुसरा’ नाही तिथे तिसऱ्या पातळीवर उपाय नसतो. ती येऊच नये अशी रचना करणे एवढेच हाती राहते. म्हणून बाईंच्या उपचाराचे उद्दिष्ट ठरवताना आम्ही एचबीए१सीच्या आधी हा प्रश्न घेतला की पहाटे तीन वाजता या घरात काय घडू शकते आणि तेव्हा तिथे कोण असेल.

ग्लिबेनक्लामाइड कमी करण्याऐवजी पूर्ण बंद केले. मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलीग्रॅमच ठेवले, कारण ईजीएफआर ४५ च्या खाली असताना त्याहून जास्त देऊ नये आणि ३० च्या खाली गेल्यास ते थांबवावे लागते. मात्र दोनदा घ्यायच्या साध्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारा प्रकार दुपारच्या मुख्य जेवणासोबत एकदाच दिला. जोडीला लिनाग्लिप्टिन पाच मिलीग्रॅम दिले, कारण त्याची मात्रा मूत्रपिंडानुसार बदलावी लागत नाही आणि या जोडीने साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता अगदी कमी असते. अटेनोलॉल एकदम थांबवणे धोक्याचे असते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करत त्या जागी अम्लोडिपिन आणले. बाईंना हृदयविकार नव्हता, त्यामुळे हा बदल करता आला. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी२ गटातल्या औषधाचा विचार झाला. मूत्रपिंडासाठी त्याचा लाभ निश्चित आहे. पण वजन आधीच उतरत असलेल्या, तहान कमी लागणाऱ्या आणि नुकताच मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन गेलेल्या व्यक्तीला ते त्या क्षणी देणे मला पटले नाही. वजन स्थिरावल्यावर तो प्रश्न पुन्हा घ्यायचा असे नोंदवून ठेवले आहे.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आणि बी१२ जीवनसत्त्व १६८ निघाले. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी१२ घटते आणि त्यातून पाय बधिर होणे, तोल जाणे, विसरायला होणे असे त्रास उद्भवतात, जे सहज ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जातात. शिवाय अशा कमतरतेच्या रक्तक्षयात एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणजे कौतुक झालेल्या त्या ६.२ च्या आड खरी सरासरी आणखी खाली असण्याची शक्यता होती.

नवे उद्दिष्ट ७.५ ते ८ टक्के असे ठरले. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साखर उतरवण्याचा धोका असलेली औषधे घेणाऱ्या वृद्धांसाठी वरच्या मर्यादेबरोबर खालची मर्यादाही दिलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. बाईंचे ते औषध आता बंद झाले होते, तरी खालची रेघ आम्ही आखून ठेवली. मुलाला मात्र हे ऐकून धक्का बसला. “म्हणजे तुम्ही साखर वाढू देणार?” असे त्याने सरळ विचारले. त्याला सांगितले ते असे. २००८ मध्ये अकॉर्ड या १०,२५१ रुग्णांच्या चाचणीत एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि तो कडक उपचार मुदतीआधी थांबवावा लागला. साखर घट्ट आवळून धरल्याचा लाभ डोळे आणि मूत्रपिंड यांना मिळायला कित्येक वर्षे लागतात. साखर उतरल्याचे नुकसान एका रात्रीत होते. आठ टक्के म्हणजे साधारण १८३ ची सरासरी. त्या पातळीवर बाईंना सतत लघवी, तहान, अशक्तपणा असा त्रास होणार नाही आणि पहाटेची भीतीही राहणार नाही. तो बराच वेळ विचारत राहिला, आणि त्याने विचारले हे बरे झाले.

घरातली व्यवस्था

औषध आता दिवसातून एकदाच, दुपारच्या जेवणाला. सात कप्प्यांची पेटी आणली. ती दर आठवड्याला औषधविक्रेता गोळ्या सोडवून भरून देतो. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली, भरलेला असेल तर राहिली. आठवणीवर काहीच सोपवलेले नाही. त्याआधी फोनवर गजर लावून पाहिला होता आणि तो फसला. गजर वाजला की बाई तो बंद करत आणि ‘हातातलं काम आटोपून घेते’ म्हणत विसरून जात.

पलंगाशेजारच्या स्टुलावर सैल टोपणाची पाण्याची बाटली, टॉर्च आणि प्रत्येकी १५ ग्रॅम साखरेच्या चार कागदी पुड्या ठेवल्या. नव्या औषधांवर त्यांची गरज पडण्याची शक्यता कमी आहे, पण त्या ११ पावलांची आठवण बाईंच्या अंगात होती, आणि पुड्या हाताशी आल्यावरच त्या सलग झोपू लागल्या. क्रमही ठरवला : आधी साखर, मग मोजणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, आणि आकडा ७० च्या वर आल्यावर काहीतरी खाणे. एकट्या माणसाने मोजण्यात पहिली पाच मिनिटे घालवू नयेत, कारण पट्टी बसवेपर्यंत हात आणि डोके दोन्ही साथ सोडू शकतात.

आतली कडी काढून टाकली आणि बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवले. बाईंनी याला सगळ्यात जास्त विरोध केला. चोरांची भीती खरी होती, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शेवटी कुलूप कोणते असावे हे त्यांनी स्वतः निवडले.

रोज सकाळी फोन करून खुशाली कळवणे त्यांना नको होते. “हजेरी दिल्यासारखं वाटतं,” असे त्या म्हणाल्या. त्याऐवजी साडेसातपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा उघडायचा, असे त्यांनीच सुचवले. समोरून तो दिसतो. उघडला नाही तर शेजारीण आधी फोन करते आणि मग किल्ली घेऊन येते. कुणाला कळवायचे, मधुमेह असल्याचे रुग्णवाहिकेला कसे सांगायचे, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्याकडे दिले. ती गावाला जाणार असेल तेव्हा पडदा कोण पाहील, हेही ठरले. शेजारीण ही परिचारिका नव्हे. तिच्या आपुलकीवर किती भार टाकायचा याची मर्यादा तिलाच विचारून ठरवली, आणि ती विचारणे हा मला या साऱ्या व्यवस्थेचा पाया वाटतो.

पायांचा प्रश्न वेगळा निघाला. स्पर्श तपासायच्या, दहा ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तपासल्यावर दोन्ही तळव्यांवर काही ठिकाणी स्पर्श कळत नव्हता, आणि डाव्या टाचेवर सुकलेल्या फोडाची खूण होती, जिचा बाईंना पत्ताच नव्हता. गुडघ्यांमुळे वाकून तळवे पाहणे अशक्य. हातात आरसा धरूनही जमेना. मग आरसा खिडकीजवळ जमिनीवर आडवा ठेवला. खुर्चीत बसून पाय त्यावर धरला की तळवा दिसतो. घरात पांढरे मोजे घालायचे, म्हणजे जखमेतून काही स्रवले तर डाग दिसतो.

ताप, उलट्या किंवा जुलाब झाले तर मेटफॉर्मिन थांबवायचे, घोट घोट पाणी पीत राहायचे आणि त्याच दिवशी फोन करायचा, हे भिंतीवर लावले. तिसऱ्या महिन्यात ताप आला तेव्हा बाईंनी हे अक्षरशः पाळले.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न गोळीने सुटणारा नव्हता. स्मरणशक्तीची तपासणी तीन आठवडे थांबून केली, कारण साखर उतरून गेल्यावर लगेच केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. तीत तीनपैकी दोन शब्द आठवले आणि घड्याळ अचूक काढले गेले. वृद्धांमधील नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या चाचणीत मात्र सात गुण आले, आणि पाचच्या वरचा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नसतो. दोघांच्या सवयीचे ताट एकटीसमोर मांडणे त्यांना सोसत नव्हते. मुलाशी बोलून वहीचे फोटो बंद केले आणि त्याऐवजी आठवड्यातून तीनदा रात्री साडेआठला फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी आपापल्या घरी एकाच वेळी जेवायचे, असे ठरले. पहिल्या दोन आठवड्यांत तो साखरच विचारत राहिला. मग विषय बदलले. दुपारच्या जेवणातला वाटा काढून ठेवायचा, म्हणजे रात्री रांधावे लागत नाही, ही युक्ती सुनेची.

सहा महिन्यांनंतर

बी१२ ची इंजेक्शने आणि नंतर गोळ्या यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले. वजन ५७.५ किलो, एचबीए१सी ७.७. मध्यंतरी दोन आठवडे दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावला होता. त्यात ७० च्या खाली एकही वेळ नव्हता आणि ६६ टक्के वेळ ७० ते १८० च्या दरम्यान होता. वृद्धांसाठी निम्म्याहून जास्त वेळ या पट्ट्यात आणि ७० खाली एक टक्क्याहून कमी, ही अपेक्षा असते. सेन्सर कायम ठेवला नाही, कारण साखर घसरवणारे औषधच आता उरले नव्हते आणि अंगाला काहीतरी चिकटलेले आहे या जाणिवेने बाईंची झोप मोडे. रोजची बोट टोचून मोजणीही आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, इतकी कमी केली. नैराश्याचे गुण चारवर आले आहेत. पतीच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात जेवण पुन्हा सुटले होते, त्यामुळे हा विषय संपला असे मी लिहिणार नाही.

गेल्या भेटीत बाईंनी वही आपणहून पुढे केली. मधल्या पानावर २१२ असा आकडा होता, त्याखाली पट्टीने रेघ मारलेली आणि शेजारी ‘लग्नाचे जेवण’ असे लिहिलेले. मी मीटर काढून पाहिला. त्यातही २१२ होते.

दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तिच्यानंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालावे लागतील, आणि ती छोटी बाटली दाबण्याइतका जोर बाईंच्या बोटांत नाही. पहिले दहा दिवस मुलगा येऊन राहणार आहे. त्यापुढच्या दिवसांसाठी बाटली दाबायला मदत करणारे एक साधन आणले आहे आणि बाई सध्या पाणी भरलेल्या रिकाम्या बाटलीवर रोज त्याचा सराव करत आहेत. दहापैकी सहा थेंब डोळ्यांत पडतात.